वीतभर पाणी

उजनी धरणाच्या फुगवट्यावर पुण्याहून माणसं जातात ती थंडीत, रोहित म्हणजे फ्लेमिंगो पाहायला. डिसेंबर ते मार्च कुंभारगावला, डिकसळला होडी मिळायची मारामार. मेमध्ये तिथं कुणी नसतं. पाणी लांब गेलेलं, काठाला भेगाळलेला गाळ, आणि अकरा वाजता डोळे उघडवत नाहीत असं ऊन. नेमक्या त्याच दिवसांत, पाणी उतरून वर आलेल्या बेटांवर नदीसुरय पक्ष्यांची पिल्लं असतात. त्यांच्यासाठी मी गेली सहा वर्षं मेचा शेवटचा आठवडा राखून ठेवते. यंदा बारावीची परीक्षा संपलेली लेक बरोबर होती, आणि तिकडं पोचल्यावर माझे मामा. चार दिवसांची वही समोर ठेवून लिहिते आहे.

शुक्रवार, २३ मे २०२५

पहाटे पाचला निघालो आणि उजाडता उजाडता कवडीपाटला थांबलो. सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरच्या अलीकडं आत वळलं की मुळा-मुठेवरचा हा जुना दगडी बंधारा लागतो. नदी इथं सुंदर दिसते असं मी म्हणणार नाही. शहराचं सगळं सांडपाणी घेऊन ती आलेली असते, जलपर्णी अडकलेली असते, दगडांच्या फटीत प्लॅस्टिकच्या चिंध्या लोंबत असतात. तरी पक्षी येतात, कारण बंधाऱ्यावरून पाणी पातळ होऊन पसरतं आणि तिथं किडे, मासे सापडतात.

आम्हाला पाहायच्या होत्या तारवाल्या भिंगऱ्या. शेपटीतून दोन बारीक तारा निघालेली ही भिंगरी घरटं करते ते पाण्यावरच, पुलाच्या किंवा मोरीच्या पोटाला चिखलाची वाटी चिकटवून. जेवढं पाण्याजवळ तेवढं तिला बरं; मुंगूस, मांजर तिथं पोचत नाही. एका दगडाखाली आम्हाला वाटी दिसली. तिच्या खाली दगडावर काडीकचऱ्याची एक आडवी रेघ चिकटलेली होती. मंगळवारी, २० तारखेला पुण्यात वळीव कोसळला, त्या रात्री नदी तिथवर चढली असणार. रेघ आणि घरटं यांच्यात चार बोटांचं अंतर होतं. लेकीनं वहीत पहिली नोंद केली ती हीच: ‘चार बोटं.’

ती आत्ता कुठं या सगळ्यात पडते आहे, म्हणून गाडीत तिला पाण्याची वाट सांगितली. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही आपली चार धरणं मिळून २९.१५ टीएमसी, म्हणजे तेवढे अब्ज घनफूट पाणी. ती भरली की मुठेत पाणी सोडतात. मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते, भीमा दौंडवरून उजनीत. उजनीच्या काठावर पाऊस तसा बेताचाच. धरण भरतं ते घाटमाथ्यावरच्या पावसानं, म्हणून पावसाळ्यात इंदापूरचा शेतकरी आपल्या आभाळाकडं कमी बघतो आणि ‘दौंडला विसर्ग किती?’ हे जास्त विचारतो. पक्ष्याला मात्र विसर्गाचा आकडा कळत नाही. त्याच्यापर्यंत पाणी येतं ते कुठल्याही निरोपाशिवाय.

मामांच्या गावी जेवणवेळेला पोचलो. गाव पळसदेवच्या अलीकडचं, पुनर्वसनाचं. जुनं गाव पाण्याखाली. धरण १९८० साली पुरं झालं, पण उठायची नोटीस त्याआधीच आली होती. मामा तेव्हा पंचविशीत होते. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळही त्याच पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की त्याचं शिखर दिसतं. २०२४ च्या उन्हाळ्यात तर उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती, तेव्हा लोक चालत देवळापर्यंत जाऊन आले. मामाही गेले होते, चपला काठावर काढून.

‘मायनस’ हा शब्द या भागात पोरासोरांच्या तोंडी असतो. धरणाची क्षमता ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाशी राखायचं पाणी. उपयुक्त साठा संपून पाणी मृतसाठ्यात उतरलं की उजनी मायनसमध्ये गेली म्हणायचं. दरवर्षी उन्हाळ्यात ती बहुधा जातेच. उसाला, सोलापूरला, गावोगावच्या योजनांना पाणी जातं आणि वरून ऊन ओढतं ते वेगळंच.

संध्याकाळी मामा त्यांच्या गाळपेरीत घेऊन गेले. पाणी हटलं की मोकळ्या झालेल्या गाळात पीक घेतात, ती गाळपेर. मामांनी कडवळ केलं होतं, गुरांना. शेतात शिरताच टिटवी डोक्यावर ओरडत फिरू लागली. मामा तिच्याकडं न बघताच म्हणाले, “उजवीकडून या. तिची चार अंडी हायेत बांधावर.” अंड्यांच्या चार बाजूंना त्यांनी चार दगड मांडले होते, मजुरांचा पाय पडू नये म्हणून.

“बांधावर घातली म्हंजी पाऊस दांडगा,” मामा म्हणाले. टिटवीनं सखल जागी अंडी घातली तर पाऊस ओढ देणार, उंचावर घातली तर भरपूर पडणार, असं आमच्याकडं सगळेच धरून चालतात. लेकीनं माझ्याकडं पाहिलं. मी तिला एवढंच सांगितलं की टिटवी उंच का बसते याची दुसरी कारणंही असू शकतात: खालचं शेत ओलं असेल, नाहीतर नांगर फिरला असेल. पण ज्या माणसानं टिटवीवरून पाऊस ताडायचा, त्याला तिचं घरटं शोधावंच लागतं, आणि शोधलेल्या घरट्यावर कुणी पाय देत नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं.

शनिवार, २४ मे

सकाळी साडेपाचला होडीत बसलो. नावाडी दादा भोई समाजातले, थंडीत पर्यटक फिरवतात, एरवी मासेमारी. मामा सहसा होडीत येत नाहीत, पण आज नातीसाठी आले.

काठाशी दादांनी बांबू रोवलेला आहे. त्यावर कोयत्यानं खाचा. रोज सकाळी पाणी कुठं आहे ते पाहून खाच पाडायची. “दोन बोटं,” ते म्हणाले, “कधी दीड, पण दोनच धरायची.” म्हणजे दिवसाला दोन बोटं पाणी उतरतं. ऐकायला काहीच नाही. पण उजनीचा काठ ताटासारखा सपाट. दोन बोटं पाणी उतरलं की काठ आठ-दहा पावलं मागं सरकतो.

वाटेत साठेक रोहित दिसले, अजून न गेलेले. ते इथं खायला येतात, वीण इथं करत नाहीत. त्यांची मोठी वसाहत कच्छच्या मोठ्या रणात. पाऊस झाला आणि रणात उथळ पाणी साचलं की चिखलाचे उलट्या सुगडासारखे उंचवटे करून वर एकेक अंडं. पाऊस कमी झाला तर घरटी होत नाहीत, झालेली घरटी पाणी लवकर आटल्यानं उघडी पडली तर कोल्हे-कुत्री चालत पोचतात. तिथंही गोष्ट पाण्याचीच आहे.

पहिलं बेट म्हणजे पाण्यातून जेमतेम डोकं काढलेली रेताड पट्टी होती, आणि तिच्यावर छोटे आर्ली. भिंगरीएवढा, मातीच्या रंगाचा हा पक्षी बसलेला असेल तर दिसत नाही. दादांनी वल्हं थांबवलं, चाळीस-पन्नास पावलांवर. दुर्बिणीतून मोजले तर अकरा बसलेले. घरटं म्हणावं असं काही नसतं, वाळूतला एक खळगा, त्यात दोन-तीन अंडी, वाळूच्याच ठिपक्यांची. ही पट्टी पाण्यापासून वीतभर उंच होती. वर्षानुवर्षं बघते आहे, आर्ली पाण्याला इतकं चिकटून का बसतात हे मला आधी कळायचं नाही. मग एका दुपारी पाहिलं. पक्षी उठला, पाण्यात पोट बुडवलं, परत येऊन अंड्यांवर बसला. मेच्या उन्हात वाळू तव्यासारखी तापते. तिथं अंडी उबवण्यापेक्षा ती भाजू न देणं हेच मोठं काम असतं. टिटवी, सुरय, चिखल्ये सगळेच पोट भिजवून आणतात. पाणी शंभर पावलं लांब गेलं तर प्रत्येक फेरीत अंडी तेवढा वेळ उघडी. म्हणून पाण्याजवळ, आणि म्हणूनच पाणी चढलं तर सगळ्यात आधी बुडणारे हेच.

दुसरं बेट बंद झालं होतं. म्हणजे बेट राहिलंच नव्हतं. काठापासून गाळाची एक पट्टी त्याला जाऊन मिळाली होती आणि त्या पट्टीवर कुत्र्यांच्या पावलांची सरळ ओळ. वर एकही पक्षी नाही. अंड्यांच्या कवचांचे तुकडे दुर्बिणीतूनही दिसत होते. दादा म्हणाले, आठ दिवसांपूर्वी इथं चाळीसभर सुरय होते. त्या आठ दिवसांत पाणी उतरलं होतं फक्त सोळा बोटं.

इथं लेकीनं हिशोब मांडला, आणि तो मला कधी सुचला नव्हता. नदीसुरयाची अंडी फुटायला साधारण तीन आठवडे. पिल्लं उडायला आणखी चार. म्हणजे पन्नास दिवस. रोज दोन बोटं, म्हणजे शंभर बोटं. शंभर बोटं म्हणजे एक पुरुष पाणी. एप्रिलमध्ये सुरय जेव्हा बेट निवडतो तेव्हा बेट आणि काठ यांच्यामधलं पाणी पुरुषभराहून खोल असेल तरच ते बेट मेअखेरपर्यंत बेट राहतं. नाहीतर पिल्लं पायी चालण्याएवढी झाली की कुत्री दारात. वरून उडणाऱ्या पक्ष्याला पाणी दिसतं, पाण्याची खोली दिसत नाही.

“मग कोणतं बेट टिकणार हे आधी कसं कळेल?” तिनं विचारलं.

मामा होडीच्या टोकाला बसून पलीकडच्या एका टेकाडाकडं पाहत होते. ते म्हणाले, “त्याला कुत्रं जायचं न्हाई.”

“कशावरून?”

“अगं, ती आमची चावडीमागची टेकडी. तिच्या अलीकडून ओढा जायचा, आम्ही पोहायचो त्यात. उन्हाळ्यातबी डोह असायचा.” मग दुसऱ्या, मेलेल्या बेटाकडं हात केला. “ते देशमुखाच्या मळ्याचं रान. सपाट. तिथनं गाडीवाट होती गावापर्यंत.”

आम्ही टेकडीकडं गेलो. होडीच्या बाजूनं दादांनी बांबू आत सोडला, तळ लागला नाही. आणि टेकडीवर सुरयांची कालवाकालव. पिवळ्या चोची, काळी टोपी, दुभंगलेल्या शेपट्या. एक मासा घेऊन येतो, दुसरा पिल्लांवर पंखांची सावली धरून उभा. मोजणी केली: पंचेचाळीस मोठे पक्षी, एकवीस पिल्लं दिसली, न दिसलेली असतीलच. काही अजून अंड्यांवर होते, पहिल्यांदा फसल्यावर पुन्हा बसलेले असावेत. उतारावर पाण्याजवळ शेकाट्यांची तीन घरटी. शेकाट्या पाणी चढू लागलं तर घरट्याखाली काड्या-खडे सारत ते उंच करत नेतो, पण तेही हळूहळू चढणाऱ्या पाण्यात जमतं.

आम्ही बेटावर उतरलो नाही. दहा मिनिटं थांबलो आणि निघालो. फोटोसाठी उतरणारे लोक थंडीत शिकलेली सवय उन्हाळ्यात आणतात. थंडीत पक्षी उडाला तर दुसरीकडं जाऊन बसतो, मेमध्ये उडाला तर मागं अंडी शिजतात. पाच मिनिटं पुरतात. हे मी जिथं बोलायची संधी मिळते तिथं बोलते आणि बोलत राहीन.

परतताना लेक मामांना एकेका उंचवट्याचं नाव विचारत होती. लक्ष्मीआईचा माळ. पाटलाची बारव. म्हारुतीचं पार, “ते फार खाली हाय, ते न्हाई दिसायचं.” तिनं वहीत आधी बेट क्रमांक एक, दोन, तीन असं लिहिलं होतं. ते खोडून तिनं नावं लिहिली. मामा त्यानंतर काठ येईपर्यंत काही बोलले नाहीत.

रविवार, २५ मे

सकाळी भादलवाडीच्या तलावावर. आभाळ भरून आलेलं होतं, वारा पडलेला.

हा तलाव लहान, पण इथल्या बाभळींवर चित्रबलाकांची वीण होते. बाभळी पाण्यात उभ्या असतात तेव्हा झाडाच्या बुंध्याभोवती खंदक तयार होतो. रानमांजर, मुंगूस, माणूस, सगळे काठावर अडतात. तलावाकाठी बसलेल्या एका आजोबांनी सांगितलं की ज्या वर्षी तलाव कोरडा पडला त्या वर्षी हे पक्षी आले, दोन दिवस झाडांवर बसले आणि गेले. “खाली पाणी नाही म्हणल्यावर कशाला राहतील? कालव्याचं थोडं पाणी वेळेवर यात सोडलं तर बास की.” अंड्यापासून पिल्लू उडेपर्यंत चित्रबलाकाला तीन महिने लागतात. म्हणजे जानेवारीत तलाव भरलेला दिसला यावर भागत नाही. तो एप्रिलअखेर झाडाखाली उरला पाहिजे. आम्ही गेलो तेव्हा बाहेरच्या रांगेतल्या बाभळी चिखलात उभ्या होत्या आणि त्यांच्यावरची घरटी रिकामी. आतल्या, अजून पाण्यातल्या झाडांवर मोठी झालेली पिल्लं, राखाडी, कुरूप म्हणतात पण मला ती कधीच कुरूप वाटली नाहीत, पंख फडफडवत फांद्यांवर उभी होती.

भरतपूरला हेच चित्रबलाक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पाऊस होऊन तळी भरल्यावर घरटी करतात, आणि तिथल्या केवलादेव उद्यानाला पाणी मिळालं नाही त्या वर्षी करतच नाहीत. इकडं ते थंडीत सुरू करतात आणि उन्हाळ्यात संपवतात. पक्षी तोच, पंचांग वेगळं. त्याचं कारण मला उजनीतच दिसतं. चित्रबलाक मासा बघून पकडत नाही. अर्धवट उघडी चोच गढूळ पाण्यात धरून चालतो, मासा लागला की मिटतो. भरलेल्या धरणात मासे पांगलेले असतात, तिथं या पद्धतीनं दिवसभर चालून पोट भरायचं नाही. पाणी उतरायला लागलं की डबक्यांत चिलापी कोंडते, आणि नेमकं तेव्हा पिल्लांची भूक सगळ्यात जास्त असते. म्हणजे चित्रबलाकाला एकाच वेळी दोन पाणी लागतात: घराखालचं टिकणारं आणि ताटातलं उतरणारं. शुक्रवारपासून मी मनात घोळवत होते की पाणी पक्ष्यांना जास्त हवं की कमी. भादलवाडीच्या बांधावर तो प्रश्न गळून पडला.

दहा वाजता इंदापूरला. तिथं तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर चित्रबलाक घरटी करतात. खाली पाण्याचा थेंब नाही. खाली एरवी माणसं, दाखल्यांसाठी आलेली, आणि चहावाला. रविवार असल्यानं शांतता होती. इथं खंदकाचं काम गावानं केलं आहे: कुणी दगड मारत नाही, पडलेलं पिल्लू उचलून ठेवतात, विष्ठेच्या वासाबद्दल कुरकुरतात पण झाड तोडा म्हणत नाहीत. आम्ही वर बघत उभे असतानाच पहिले थेंब पडले, टपोरे, आणि बघता बघता समोरची भिंत दिसेना. चिंचेवरच्या मोठ्या पक्ष्यांनी पंख पसरून खाली अंग झाकलं आणि ते तसेच उभे राहिले.

त्या दिवशी इंदापूर, बारामती, दौंड सगळीकडं जो पाऊस झाला तो तिथल्या लोकांनी मेमध्ये पाहिलेला नव्हता. ओढे भरून रस्त्यावर आले. मामांच्या घरी पोचायला चार तास लागले. रात्रभर पत्र्यावर पाऊस वाजत होता. मामांना झोप लागली नाही, मलाही. ते कडवळाबद्दल बोलत नव्हते. एकदा फक्त म्हणाले, “आर्ली गेली असतील.”

सोमवार, २६ मे

हवामान खात्यानं त्या दिवशी मोसमी पाऊस पुण्यात पोचल्याचं जाहीर केलं. नेहमीची तारीख १० जूनच्या आसपास. दोन आठवडे लवकर. शहरात लोक खूश होते आणि त्यांनी व्हावंच. मायनसमधलं धरण भरायला लागलं यापेक्षा चांगली बातमी मेमध्ये कोणती. पण उन्हाळ्यात वीण करणाऱ्या पक्ष्यांची सगळी घडी या दोन आठवड्यांवर उभी असते. पिल्लं जूनच्या पहिल्या आठवड्यात उडतात, मग पाणी चढतं. अवघ्या पंधरा दिवसांनी हुकणं म्हणजे न उडणारी पिल्लं पाण्यात.

काठावर गेलो तर दादा बांबूपाशी उभे. पाणी गढूळ चहासारखं, वाहून आलेला पालापाचोळा फिरत होता. शनिवारची खाच दिसत नव्हती. दादांनी हात घालून चाचपलं. हातभराला थोडं कमी. अकरा दिवस बोटाबोटानं उतरलेलं पाणी एका रात्रीत परत वर.

वारा असल्यानं होडी घालायची नव्हती. काठावरून दुर्बीण लावली. आर्लींची पट्टी नव्हती. तिच्या जागी पाण्याचा रंग जरासा वेगळा दिसत होता, बस. वरून पाच-सहा आर्ली घिरट्या घालत होते, खाली येत, पुन्हा वर जात. ते त्या जागेवरून हटत नव्हते. लेक बराच वेळ तिथून दुर्बीण काढेना. मी तिला काही समजावलं नाही.

मळ्याच्या बेटाला काठाशी जोडणारी गाळपट्टी बुडाली होती आणि ते पुन्हा बेट झालं होतं, रिकामं.

चावडीमागच्या टेकडीचा खालचा उतार गेला होता, शेकाट्यांची दोन घरटी त्यात. तिसऱ्यावर पक्षी बसून होता, पाणी शेपटीपाशी. माथ्यावर सुरयांची कालवाकालव तशीच. मोठी पिल्लं वर सरकून एका जागी गोळा झाली होती. मोजायला इतक्या लांबून नीट जमलं नाही, तेरा नक्की.

“अजून पुरुषभर तरी वर हाय माथा,” मामा म्हणाले. पाणी रोज किती चढेल यावर ते होतं, आणि ते दौंडवर होतं, आणि दौंड पुण्यावर.

गावाकडं परतताना पुनर्वसनाच्या वेशीजवळच्या पाझर तलावापाशी थांबलो. शुक्रवारी तो तळाशी हिरवट चिखल होता. आता अर्धा भरलेला, आणि त्यात टिबुकल्यांची जोडी, खिंकाळल्यासारख्या हसत. नर-मादी दोघं शेवाळ ओढून आणत होती. टिबुकलीचं घरटं तरंगतं. पाणवनस्पतीला अडकवलेला ओल्या काडीकचऱ्याचा ढीग. पाणी चढलं की तेही चढतं, पक्षी वर आणखी भर घालत राहतो, आणि घरट्यावरून उठताना अंड्यांवर शेवाळ ओढून जातो. तिला उतरणारं पाणी नको असतं, कारण मग घरटं चिखलावर बसतं आणि कावळ्याला चालत जाता येतं. ज्या पावसानं काल आर्ली नेले, त्याच पावसाची ही वाट पाहत होती. पुढं जून-जुलैत इथं कमळपक्षी येतील; लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची मादी चार अंडी पानांवर घालून दुसऱ्या नराकडं जाते, आणि उबवणारा नर पाणी वाढलं, पान बुडायला लागलं की अंडी हनुवटीखाली धरून मागं मागं ओढत दुसऱ्या पानावर नेतो. वारकरी पक्षी, जांभळी पाणकोंबडी, हळदीकुंकू बदकं सगळी याच पाण्यावर.

मामांच्या गाळपेरीत पाणी शिरलं होतं. कडवळ गुडघाभर बुडलेलं. बांध मात्र वर होता, चार दगड जागेवर, आणि टिटवी बसलेली. आम्ही जवळ गेलो नाही. मामांनी लांबूनच पाहिलं, आणि मळ्याकडच्या बाजूला उरलेलं कडवळ कापायला दोन माणसं लावली पाहिजेत असं म्हणत घराकडं वळले.

दुपारी निघालो. कवडीपाटला बंधाऱ्यावरून पाणी जोरात चाललं होतं. तिथं उतरण्यासारखं नव्हतं, दगडाखालची वाटी दिसायचा प्रश्नच नाही.

हे लिहिते आहे त्याला चार दिवस झाले. जूनअखेर कमळपक्ष्यांसाठी परत जायचं आहे. तोवर दादा रोज सकाळी बांबू बघून फोन करतात, आणि लेक आकडा वहीत लिहिते. आजचा आकडा सहा बोटं वर. टेकडीवर सुरय अजून आहेत, दोन पिल्लं काल उडताना पाहिली म्हणाले.